भुईमुगाच्या तेलावर चाललेले इंजिन

इ. स. १९०० मध्ये पॅरिस शहरी एक मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. नवे शतक उजाडत होते. त्या शतकात माणसाच्या हाती कोणकोणती साधने येणार, ह्याची चुणूक दाखविण्यासाठी देशोदेशींच्या कारखानदारांनी आपापली यंत्रे तेथे मांडली होती. ह्या यंत्रांच्या गर्दीत ऑटो नावाच्या फ्रेंच कंपनीचे एक लहानसे इंजिन चालू होते. बाजूच्या इंजिनांसारखीच त्याची धडधड होती आणि तसेच त्याचे चाक फिरत होते. मात्र त्याच्या टाकीत जमिनीच्या पोटातून काढलेले खनिज तेल नव्हते. भुईमुगाच्या दाण्यांचे तेल होते. स्वयंपाकघरातील कढईत तापणारे तेल तेथे यंत्राच्या पोटात जळत होते. तरीही इंजिन इतके सुरळीत चालले होते की, ही गोष्ट फार थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानात आली.

ते इंजिन ज्या जातीचे होते, त्या जातीचा जनक रुडॉल्फ डिझेल हा होय. त्याचा जन्म १८५८ साली पॅरिस येथेच झाला. त्याचे आईवडील मूळचे जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवून प्रपंच चालवीत. रुडॉल्फ बारा वर्षांचा असताना, १८७० साली, फ्रान्स आणि प्रशिया ह्या दोन देशांत युद्ध जुंपले. पॅरिसमधील जर्मन लोकांना शहर सोडणे भाग पडले. डिझेल कुटुंब लंडनला गेले आणि मुलाला जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे नातलगांकडे शिक्षणासाठी धाडण्यात आले. पुढे म्युनिकच्या तंत्रशाळेत कार्ल लिंडे ह्या नामांकित प्राध्यापकांच्या हाताखाली तो शिकू लागला. तेथे त्याला कळले की, वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी दहावा हिस्सासुद्धा धड कामी येत नाही. बाकीची सारी वाया जाते. ही उधळपट्टी थांबविता येणार नाही काय, हा प्रश्न त्या तरुणाच्या मनात घर करून बसला.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याने निसर्गाच्या एका साध्या नियमाचा आधार घेतला. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाच्या नळीला हात लावला, तर ती गरम लागते. हवा दाबली की ती तापते, हाच तो नियम. पंपातील हवा थोडीशीच दाबली जाते. तीच हवा एका भक्कम नळकांड्यात कोंडून, दट्ट्याने तिचे आकारमान पंधराव्या किंवा विसाव्या हिश्श्याइतके केले, तर तिची उष्णता ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा तप्त हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. त्याला ठिणगीची गरज पडत नाही. जळालेल्या तेलाचे वायू प्रसरण पावतात, दट्ट्याला मागे लोटतात आणि चाक फिरू लागते. डिझेलच्या इंजिनाचे सारे मर्म एवढ्यात आले.

मर्म सोपे असले तरी ते लोखंडात उतरविणे सोपे नव्हते. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्ग येथील कारखान्यात पहिल्या इंजिनाची परीक्षा झाली. आत तेल पेटताच दाब इतका वाढला की, तो मोजणाऱ्या उपकरणाच्या चिंधड्या उडाल्या. पण डिझेलला त्या स्फोटातच आपल्या कल्पनेचा पुरावा दिसला. नुसत्या दाबलेल्या हवेने इंधन पेटते, हे सिद्ध झाले होते. त्यानंतर साडेतीन वर्षे तो झटत राहिला. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर ह्यांनी नव्या इंजिनाची रीतसर तपासणी केली, तेव्हा इंधनाच्या उष्णतेपैकी शेकडा २६ हून अधिक हिस्सा कामी येत असल्याचे आढळले. त्या काळी कोणत्याही इंजिनाने ही मजल गाठली नव्हती.

१० ऑगस्ट हा दिवस आज जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी डिझेलने आपले इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविले, असे पुष्कळदा सांगण्यात येते. परंतु ते खरे नाही. १८९३ च्या त्या प्रयोगात खनिज तेलापासून मिळविलेले इंधनच वापरले होते. भुईमुगाचे तेल आले ते सात वर्षांनी, पॅरिसच्या प्रदर्शनात. आणि तेही डिझेलच्या सूचनेवरून आले नाही. ती कल्पना फ्रेंच सरकारची होती. फ्रान्सच्या ताब्यातील आफ्रिकेच्या मुलखात भुईमूग अमाप पिके; मात्र तेथे कोळसा नव्हता आणि खनिज तेलही नव्हते. दोन्ही वस्तू जहाजाने न्याव्या लागत. जे शेतात पिकते त्यावरच यंत्रे चालली तर हा खर्च व ही परस्वाधीनता टळेल, असा तो विचार होता. थोर माणसाच्या नावाला चिकटलेली गोष्ट गोड वाटली तरी ती पारखून घेतली पाहिजे, हेही ह्यावरून ध्यानात येते.

ह्या प्रयोगाने डिझेलचे लक्ष मात्र वेधून घेतले. पुढे त्याने स्वतः वनस्पती तेलांवर चाचण्या केल्या आणि त्या यशस्वी झाल्या. १९१२ साली त्याने ह्या विषयावर आपले मत मांडले. आज ही तेले क्षुल्लक वाटली, तरी कालांतराने ती खनिज तेलाइतकीच महत्त्वाची ठरू शकतील, असे त्याला वाटत होते. जमिनीतील साठे एक दिवस संपतील. परंतु सूर्य तळपत राहील, पिके वाढत राहतील आणि त्या पिकांतून यंत्रांना शक्ती मिळत राहील, अशी त्याची दृष्टी होती. दुर्दैवाने हा विचार पुढे नेण्यास तो फार दिवस राहिला नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री बेल्जममधून इंग्लंडकडे जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ नावाच्या आगबोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी त्याचा देह समुद्रात सापडला. मृत्यूचे कारण अखेरपर्यंत उलगडले नाही.

त्याच्यामागे त्याचे इंजिन जगभर पसरले. आगबोटी, मालमोटारी, आगगाड्या, शेतातील पंप, सर्वत्र त्याचा संचार झाला. वनस्पती तेलाची कल्पना मात्र मागे पडली. खनिज तेल मुबलक आणि स्वस्त मिळू लागले होते. त्यातून काढलेल्या एका पातळ तेलास शोधकाच्या नावावरून ‘डिझेल’ असेच नाव पडले. मग कारखानदारही ह्या पातळ तेलाला मानवतील अशीच इंजिने बांधू लागले. अशा इंजिनात कोणी वनस्पती तेल ओतले की अडचणी उभ्या राहत.

ह्या अडचणींचे मूळ तेलाच्या दाटपणात आहे. डिझेलच्या मानाने वनस्पती तेल सुमारे दहा ते पंधरा पट दाट असते. इंजिनात इंधन अगदी बारीक छिद्रांच्या पिचकारीतून उडविले जाते. पातळ तेलाचा फवारा धुक्यासारखा होतो आणि त्यातील कण न् कण जळून जातो. दाट तेलाचे मात्र मोठे थेंब पडतात. हे थेंब अर्धवट जळतात व त्यांची काजळी पिचकारीच्या तोंडाशी साचते. दट्ट्यावरील कड्या तिच्यामुळे चिकटून बसतात. न जळलेले तेल खाली झिरपून वंगणात मिसळते आणि वंगण घट्ट होते. शिवाय थंडीच्या दिवसांत घरातील खोबरेल तेल गोठते, हे सर्वांनी पाहिलेले असते. कमीअधिक प्रमाणात हा गुण पुष्कळ वनस्पती तेलांत आहे. म्हणून आरंभी काही तास उत्तम चाललेले इंजिन काही आठवड्यांनी कुरकुरू लागते. पॅरिसमधील इंजिन प्रदर्शनात चालले, ही गोष्ट खरी. परंतु प्रदर्शनात चालणे वेगळे आणि वर्षानुवर्षे ओझे वाहणे वेगळे.

ह्या अडचणीवर तोडगा निघाला तो रसायनशास्त्रातून. वनस्पती तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या आखूड कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. ह्या तीन साखळ्या एकत्र असल्यामुळेच तेल दाट होते. तेलात अल्कोहोल व किंचित कॉस्टिक सोडा मिसळून ते ऊन ठेवले, तर साखळ्या ग्लिसरीनपासून सुटतात आणि प्रत्येक साखळी अल्कोहोलशी जोडली जाते. जड ग्लिसरीन तळाशी बसते व वर एक पातळ तेल उरते. साधारणपणे १०० किलो तेल आणि १० ते ११ किलो मेथिल अल्कोहोल घेतले की जवळजवळ १०० किलो पातळ इंधन आणि सुमारे १० किलो ग्लिसरीन हाती येते. ह्या इंधनाला आज बायोडिझेल असे म्हणतात. त्याचा पातळपणा खनिज डिझेलच्या बराच जवळ असतो. बेल्जममधील ब्रुसेल्स विद्यापीठातील शाव्हान ह्या शास्त्रज्ञाने १९३७ साली अशा क्रियेचे एकस्व मिळविले आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स व लुव्हें ह्या दोन शहरांच्या दरम्यान एक प्रवासी बस पाम तेलापासून केलेल्या इंधनावर धावली. दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाची टंचाई पडली, तेव्हा चीनसारख्या देशांनी वनस्पती तेलांचा आश्रय घेतला. भारतातही त्या काळात असे प्रयोग झाले. युद्ध संपले, स्वस्त खनिज तेल पुन्हा वाहू लागले आणि हे प्रयोग विस्मरणात गेले.

१९७३ साली परिस्थिती पालटली. अरब देशांनी तेल देताना हात आखडता घेतला आणि काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. ज्या देशांपाशी स्वतःचे तेल नव्हते, त्यांचे डोळे उघडले. दक्षिण आफ्रिकेत सूर्यफुलाच्या तेलावर ट्रॅक्टर चालवून पाहण्यात आले, तर युरोपात मोहरीच्या जातीच्या पिकापासून बायोडिझेल होऊ लागले. ह्याच काळात आणखी एक जाणीव वाढीस लागली होती. खनिज तेल जाळले की लक्षावधी वर्षे जमिनीत गाडलेला कार्बन हवेत मिसळतो आणि पृथ्वीची उष्णता वाढवितो. वनस्पतीने मात्र आपला कार्बन हवेतूनच घेतलेला असतो. तेल जळल्यावर तो हवेत परततो, इतकेच.

भारताला आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी फार मोठा भाग परदेशांतून आणावा लागतो. साहजिकच येथेही आशा पालवली. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली ते अमृतसर जाणारी शताब्दी एक्सप्रेस शेकडा ५ बायोडिझेल मिसळलेल्या इंधनावर चालविण्यात आली. गोडे तेल जाळणे परवडणार नाही, हे उघड होते. म्हणून मोगली एरंड ह्या झुडपाकडे सर्वांचे लक्ष गेले. त्याच्या बियांचे तेल खाण्याच्या उपयोगाचे नसते. ते पडीक जमिनीत वाढते, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत व त्याला पाणीही लागत नाही, अशी त्याची ख्याती पसरली. अनेक राज्यांत त्याच्या लागवडी झाल्या. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत शेकडा २० मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

प्रत्यक्षात मात्र घोर निराशा पदरी आली. मोगली एरंड माळरानावर जगतो हे खरे. पण जगणे आणि फळणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाणी व खत नसेल तर त्याला बिया अगदी थोड्या धरतात. पाणी व खत द्यावयाचे, तर तेथे धान्य का पेरू नये, असा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहतो. अनेक शेतकऱ्यांनी ती झुडपे उपटून टाकली. २०१७ साल उजाडले तेव्हा डिझेलमधील बायोडिझेलचे प्रमाण शेकडा १ देखील झाले नव्हते. २०१८ च्या नव्या धोरणाने उद्दिष्ट खाली आणले व २०३० पर्यंत शेकडा ५ एवढेच ठेवले.

अशी निराशा का व्हावी, हे एका साध्या हिशेबावरून कळते. एक हेक्टर जमिनीत भुईमुगाचे चांगले पीक येऊन २,००० किलो शेंगा मिळाल्या, असे समजू. त्यांतून सुमारे १,४०० किलो दाणे निघतील आणि दाण्यांतून सुमारे ५५० किलो, म्हणजे ६०० लिटर तेल मिळेल. एका लिटरमध्ये साडेतीन किलोमीटर जाणारी मालमोटार एवढ्या तेलावर २,१०० किलोमीटर जाईल. म्हणजे एका हेक्टरातील हंगामभराच्या कष्टाचे तेल मालमोटारीला मुंबईहून कोलकात्यास कसेबसे पोहोचवील. परतीच्या वाटेसाठी दुसरे शेत लागेल. तेच तेल घरात वापरले, तर पंचवीस-तीस माणसांना वर्षभर पुरेल. साऱ्या देशाचा हिशेबही असाच आहे. भारतात वर्षाला सुमारे अडीच कोटी टन खाद्यतेल लागते आणि त्यापैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून येते. डिझेल मात्र वर्षाला सुमारे ९ कोटी टन खपते. देशातील सारी खाद्यतेले टाक्यांत ओतली व कढया कोरड्या ठेवल्या, तरी गाड्या चार महिनेसुद्धा चालणार नाहीत.

इंडोनेशियात पाम तेल विपुल आहे. तेथे २०२३ पासून डिझेलमध्ये शेकडा ३५ पर्यंत पाम तेलाचे बायोडिझेल मिसळण्यात येऊ लागले. परंतु पामच्या बागांसाठी तेथील घनदाट अरण्ये मोठ्या प्रमाणावर तोडली गेली आहेत. शतकानुशतके झाडांनी व मातीने साठविलेला कार्बन त्यामुळे हवेत गेला. ज्या हेतूने वनस्पती तेलाचा आश्रय घ्यावयाचा, तो हेतूच अशाने पराभूत होतो.

मग डिझेलचा तो विचार चुकीचा होता, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणता येणार नाही. वनस्पती तेलावर इंजिन चालेल, हे त्याचे म्हणणे खरे ठरले आहे. अडचण यंत्राची नाही, जमिनीची आहे. म्हणून ज्या तेलासाठी कोणाच्या तोंडचा घास काढावा लागत नाही, असे तेल शोधले पाहिजे. महाराष्ट्रात रस्त्यांच्या व ओढ्यांच्या काठी करंजाची झाडे दिसतात. त्यांच्या बियांचे कडू तेल पूर्वी दिव्यांत जाळीत आणि पेंड खतासाठी वापरीत. अशा बिया गोळा केल्या, तर एखाद्या गावाचा पंप त्यांवर चालू शकेल. साऱ्या देशाच्या गाड्या चालणार नाहीत. दुसरे तेल आहे कढईत उरलेले. तळणासाठी तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापविले की त्यात शरीराला अपायकारक द्रव्ये तयार होतात. १ जुलै २०१८ पासून अशा खराब झालेल्या तेलावर कायद्याने मर्यादा घालण्यात आली आहे. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अशा तेलापासून केलेले बायोडिझेल १०० शहरांत विकत घेण्याची योजना जाहीर केली. गटारात ओतल्यास जे नळ तुंबविते आणि पुन्हा कढईत गेल्यास जे माणसाला आजारी करते, तेच तेल शुद्ध करून इंजिनाला दिले तर ओझे वाहते. त्याच्यासाठी वीतभर जमीनही नांगरावी लागत नाही.

पॅरिसच्या प्रदर्शनातील ते लहानसे इंजिन पाहणाऱ्यांना त्याच्या टाकीत काय आहे हे कळले नाही. कारण यंत्राला त्याचा फरक पडत नव्हता. यंत्र तेल ओळखते. ते तेल कोणाच्या शेतातून आणि कोणाच्या ताटातून आले, हे ओळखत नाही. ते ओळखण्याचे काम माणसाचे आहे.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) पॅरिसच्या प्रदर्शनातील इंजिन कोणत्या कंपनीचे होते?
(आ) वाफेच्या इंजिनाचा कोणता दोष डिझेलच्या मनाला लागून राहिला?
(इ) वनस्पती तेलापासून बायोडिझेल करताना तळाशी कोणता पदार्थ बसतो?

२. कारणे द्या :
(अ) डिझेलच्या इंजिनात ठिणगीची गरज पडत नाही.
(आ) साधे वनस्पती तेल वापरल्यास इंजिन काही आठवड्यांनी कुरकुरू लागते.
(इ) मोगली एरंडाची लागवड अपेक्षेप्रमाणे फळास आली नाही.

३. ‘अडचण यंत्राची नाही, जमिनीची आहे.’ ह्या वाक्याचा आशय पाठातील हिशेबाच्या आधारे आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा :
मनात घर करणे, चिंधड्या उडणे, हात आखडता घेणे, तोंडचा घास काढणे.

५. आपल्या घरी तळणानंतर उरलेल्या तेलाचे काय करतात, ह्याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करा व दहा ओळींत माहिती लिहा.